एकट्या कणकेवर आळ कशाला?

वाचकाचं पत्र (थोडक्यात): वय ४७. पुण्याजवळच्या उपनगरात घरूनच पोळी-भाजी केंद्र चालवते. मदतीला एक मुलगी आहे, पण कणीक मळणं आणि लाटणं माझ्याकडेच. रोजच्या अडीचशे-तीनशे पोळ्या होतात. सहा-सात महिन्यांपासून रात्री उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते. हात झटकला, पलंगाखाली लोंबता सोडला की बरं वाटतं. आता डावाही सुरू झालाय. सकाळी उलथनं हातातून सटकतं. यजमान म्हणतात, हे सगळं पोळ्यांमुळे, केंद्र बंद कर, घरी बसलीस की हात आपोआप बरे होतील. मुलगी मोबाइलला दोष देते. जवळच्या डॉक्टरांनी बी-१२ची इंजेक्शनं दिली, फरक नाही. आईचेही हात रात्री असेच बधिर व्हायचे, तिला मधुमेह होता. माझी साखर दोन वर्षांपूर्वी ‘बॉर्डरवर’ होती, नंतर तपासली नाही. वजन वाढलंय, सारखा थकवा असतो, पाळी मागेपुढे होते, पण ते वयाचं असावं. मुलाच्या कॉलेजची फी केंद्रावरच निघते. केंद्र बंद करू का? आणि ऑपरेशन केलं की हात कामातून जातो म्हणतात, ते खरं का?

उत्तर:

ताई, केंद्र बंद करायचा विषय निदान दीड-दोन महिने बाजूला ठेवा. तपासण्या मात्र याच आठवड्यात करून घ्या. घरात या दोन्हींचा क्रम उलटा लागलेला दिसतोय.

वजन, थकवा, पाळी आणि बॉर्डरवरची साखर हे तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंय आणि ‘वयाचं असावं’ म्हणून सोडून दिलंय. मला पत्रातला सगळ्यात कामाचा मजकूर तोच वाटला. पोळ्यांचा आकडा मी त्यानंतर वाचला.

रात्री झोपेतून उठवणाऱ्या मुंग्या आणि हात झटकल्यावर मिळणारा आराम, ही जोडी ऐकली की आम्हा फिजिओथेरपिस्ट मंडळींना पहिली शंका येते ती कार्पल टनेल सिंड्रोमची, म्हणजे मनगटात नस दाबली जाण्याच्या आजाराची. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करतही नाहीये. पण डॉक्टरांकडे जाण्याआधी एक गोष्ट तुम्ही स्वतः पाहून ठेवा. तुम्ही ‘हाताला मुंग्या’ असं लिहिलंय, पण नेमक्या कोणत्या बोटांना? रात्री जाग आली की दिवा लावा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने एकेका बोटाच्या टोकाला स्पर्श करून बघा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू बधिर आणि करंगळी मात्र शाबूत असेल, तर शंका बळावते. करंगळीच जास्त बधिर असेल, किंवा मान वळवल्यावर मानेपासून हातात कळ येत असेल, तर कारण वेगळं असू शकतं. बहुतेक जण दवाखान्यात ‘सगळाच हात’ म्हणून सांगतात आणि तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते.

मनगटाच्या आत, तळव्याच्या बाजूला एक अरुंद वाट असते, तीच कार्पल टनेल. तिच्या तळाला आणि दोन्ही बाजूंना हाडं, वरून एक जाड, न ताणणारा पट्टा. या वाटेतून बोटं मिटणारे नऊ स्नायुबंध जातात आणि त्यांच्यासोबत मीडियन नावाची एक नस, रक्ताची नव्हे, संवेदना वाहणारी. गौरी-गणपतीच्या एस.टी.त नऊ दणकट गडी आणि त्यांच्यात अंग चोरून उभी असलेली एक आजी, असा तो मामला आहे. स्नायुबंधांची वेष्टणं जरा सुजली, अंगात पाणी साठलं किंवा मनगट बराच वेळ वाकलेलं राहिलं, की चेपली जाते ती नसच. १९८१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी या वाटेत बारीक नळी घालून दाब मोजला होता. मनगट सरळ असताना निरोगी लोकांत तो पाऱ्याच्या जेमतेम अडीच मिलिमीटर भरला, आणि हा आजार असलेल्यांत बत्तीसच्या आसपास. रुग्णांनी मनगट तळव्याकडे वाकवलं तेव्हा तो नव्वदच्या वर गेला. झोपेत आपण मनगट मुडपून, हात गालाखाली किंवा उशीखाली घेऊन पडतो. पोळ्या दिवसा लाटायच्या आणि मुंग्या रात्री तीन वाजता, हे कोडं वाटत असेल तर त्याचं बरंचसं उत्तर या आकड्यात आहे.

आता यजमानांच्या म्हणण्याकडे येते. त्यांचं अगदीच चूक नाही. जोर लावून, पुन्हा पुन्हा आणि मनगट वाकवून केलेलं काम हे या आजाराचं मान्य कारण आहे. कणीक तिंबताना स्वतःकडे एकदा बघा. परातीवर ओणवं होऊन तुम्ही तळव्याच्या टाचेने कणीक रेटता, तेव्हा मनगट मागे जवळजवळ काटकोनात मुडपलेलं असतं आणि अंगाचा सगळा भार त्याच जागेवर, ज्या पट्ट्याखालून ती नस जाते त्यावरच येतो. पाच-सहा किलो कणीक म्हणजे हे किती वेळा, ते तुम्हीच जाणता. त्यामानाने लाटणं सौम्य असतं, जर लाटणं घट्ट आवळून धरायची सवय नसेल तर.

पण त्यांच्या म्हणण्यातली दोन गृहीतकं मला पटत नाहीत. एक म्हणजे, केंद्र बंद झालं की हातांना विश्रांती मिळेल. घरची कणीक कोण मळणार आहे? चादरी पिळणं, कढया घासणं, फरशी पुसायचं फडकं पिळणं, विळीवर नारळ खवणं, यातलं काय थांबणार आहे? मनगटाला पैसे मिळणारं काम आणि न मिळणारं काम यातला फरक कळत नाही. चादर पिळताना मनगटावर येणारा पीळ लाटण्यापेक्षा जास्त असतो. बंद होणार आहे ती फक्त कमाई, आणि ती मुलाच्या फीची आहे.

दुसरं गृहीतक असं की कारण एकच असतं. तुमच्यासारख्याच पोळ्या लाटणाऱ्या कितीतरी बायका तुमच्या आसपास असतील, त्यातल्या थोड्यांनाच हा त्रास होतो. मग तुम्हालाच का, याचं उत्तर पोळपाटावर नाही, तुमच्या अंगात शोधायला हवं. या आजाराची तपासणी जगभर रूढ करणारे अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे शल्यविशारद जॉर्ज फेलन यांनी १९६६ साली १७ वर्षांतल्या ६५४ हातांचा अनुभव लिहून ठेवला. त्यांच्याकडे आलेल्यांत मध्यमवयीन स्त्रियांचा भरणा मोठा होता. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा आजार बऱ्याच जास्त प्रमाणात दिसतो आणि चाळिशी ते साठीच्या दरम्यान त्याचा जोर असतो, हे नंतरही सगळीकडे दिसत आलंय. म्हणजे बाई असणं आणि सत्तेचाळिशीत असणं, इथेच तुमच्या खात्यावर दोन गोष्टी जमा झाल्या.

तिसरी आईकडून आली असावी. मनगटातली ही वाट काहींची मुळातच अरुंद असते आणि तो घाट घराण्यात उतरतो. आईचे हात असेच बधिर व्हायचे, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. चौथं, वाढलेलं वजन. पाचवी आणि मला सगळ्यात जास्त खटकलेली ती ‘बॉर्डरवरची’ साखर. दोन वर्षांत ती बॉर्डर ओलांडली गेली की नाही, हे आज तुम्हाला माहीत नाही. मधुमेहात नस आधीच नाजूक झालेली असते आणि स्नायुबंधांची वेष्टणंही जाड होतात, दोन्हीकडून मार. टोरांटोमधल्या २००२ सालच्या एका अभ्यासात मधुमेह नसलेल्यांपैकी सुमारे २ टक्के लोकांना कार्पल टनेल निघाला. मधुमेह होता पण पायांच्या नसा ठीक होत्या, अशांत १४ टक्के आणि ज्यांच्या नसा मधुमेहाने बिघडल्या होत्या त्यांच्यात ३० टक्के. म्हणून कुणी दोन्ही हातांच्या मुंग्या घेऊन आलं की मी आधी साखर विचारते, धंदा नंतर.

आणि सहावी शंका थायरॉइडची. वजन, थकवा आणि पाळीची चालढकल हे सगळं पाळी जाण्याच्या वयातलंही असू शकतं, हे तुमचं बरोबर आहे. पण मंदावलेल्या थायरॉइडची लक्षणंही हुबेहूब हीच असतात आणि त्यात ऊतकांत पाणी धरून राहतं, तेव्हा मनगटातली जागा आणखी आवळते. एका रक्त तपासणीत याचा निकाल लागतो. थायरॉइड खरोखरच मंद निघाला तर गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांत हातांचा त्रास बराच उतरलेला अनेकांत दिसतो. त्याआधीच केंद्र बंद केलं असतं, तर श्रेय फुकट केंद्राच्या कुलपाला गेलं असतं!

तेव्हा उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) एवढं करून घ्या. सकाळी बोटांचे सांधे तासभर आखडत असतील, सुजत असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण संधिवातातही ही नस दाबली जाते. पूर्वी कधी पडून मनगट मोडलं असेल तर तेही सांगा, कितीही जुनं असलं तरी.

बी-१२बद्दल. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांत, ते कमी असतं हे खरं, आणि कमी असेल तर घ्यायलाच हवं. पण बी-१२ची मुंगी बहुधा पायांपासून चढते आणि दोन्हीकडे सारखी असते. मनगटात चेपलेली नस इंजेक्शनाने मोकळी होत नाही. मुंग्या म्हटल्या की पातळी न बघता सुया टोचायची पद्धत मला अजिबात आवडत नाही. त्यात रुग्णाचे महिने जातात.

मुलीच्या मोबाइलचंही सांगून टाकते. मोबाइल आणि कीबोर्डवर लोकांचा जितका राग आहे तितका पुरावा त्यांच्याविरुद्ध नाही. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या हजारो लोकांच्या मागे राहून डेन्मार्कमध्ये पाहणी झाली, २००३ साली ती प्रसिद्ध झाली. त्यात कीबोर्डचा संबंध काही सिद्ध झाला नाही. खूप तास माउस वापरणाऱ्यांत मुंग्यांच्या तक्रारी मात्र जास्त आढळल्या. आयटीतले वाचक मला कीबोर्डचे फोटो पाठवून विचारत असतात, त्यांनीही आधी वजन आणि साखर बघावी. खरी जोखीम जोराची पकड आणि हादरे यांची. दिवसभर ड्रिल किंवा ब्रेकर चालवणारे, दगड फोडणारे, हाताने धारा काढणारे, कत्तलखान्यात गारठ्यात सुरी चालवणारे, यांच्यात हा आजार ठळकपणे दिसतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांतही अंगावर पाणी चढून हात बधिर होतात. त्या वाचकांनी घाबरू नये, बहुतेकींचा त्रास बाळंतपणानंतर काही आठवड्यांत-महिन्यांत ओसरतो. वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्यांनी मात्र हे अंगावर काढू नये.

आता काय करायचं. आज रात्रीपासून मनगट सरळ ठेवणारा पट्टा लावून झोपा. मेडिकलमध्ये ‘रिस्ट स्प्लिंट’ म्हणून मिळतो. घेताना दोन गोष्टी बघा. नुसती ताणणारी कापडी पट्टी किंवा क्रेप बँडेज नको, ते उलट आवळतं. आत धातूची किंवा प्लास्टिकची पट्टी हवी. आणि बाजारातल्या बऱ्याच पट्ट्यांत ती मनगट मागे झुकवणारी वाकडी असते. ती बाहेर काढून टेबलावर दाबून सरळ करा आणि परत आत सरकवा. हस्तांदोलनाला हात पुढे करतो तितपत सरळ मनगट राहिलं पाहिजे, बोटं मोकळी हवीत, वेल्क्रो सैलसर. रोज रात्री, निदान सहा आठवडे. दोन-तीन रात्रींनी ‘काही उपयोग नाही’ म्हणून कपाटात टाकणारेच जास्त असतात.

कामाचं म्हणाल तर पोळ्या सोडू नका, मळणं सोडा. कणीक मळायचं यंत्र हप्त्यावर मिळतं, तेवढ्या ऑर्डरीत ते सुटायला फार काळ लागू नये. तोवर मळण्याचं काम मदतनीस मुलीकडे द्या, आणि तिलाही सलग तासभर नको. कणीक सैलसर भिजवून अर्धा तास मुरू द्या, जोर आपोआप कमी लागतो. पोळपाट कोपराच्या थोडा खाली येईल अशा उंचीवर ठेवा, म्हणजे मनगट मुडपावं लागत नाही. लाटणं जाडसर आणि हलकं घ्या, मुठीत आवळण्याऐवजी तळव्याखाली फिरू द्या. उलथन्याच्या आणि सांडशीच्या बारीक दांड्यांवर सुती फडकं गुंडाळून त्या जाड करा. चादरी मशीनमध्ये पिळल्या जाऊ द्या, नाहीतर यजमानांना पिळू द्या. त्यांना तुमच्या हातांची काळजी आहे हे तर पत्रातून दिसतंच आहे!

पट्टा लावूनही रात्री जाग येत राहिली तर हाताच्या किंवा हाडांच्या सर्जनना दाखवा. ते बहुधा नर्व्ह कंडक्शन नावाची तपासणी सांगतील. त्यात नसेतून विजेचा हलका झटका पाठवून तो मनगटापाशी किती रेंगाळतो ते मोजतात. जरा चिमटे बसल्यासारखं होतं, पण सहन होतं. मेडिकल कॉलेजच्या सरकारी रुग्णालयातही ती होते. मनगटात स्टेरॉइडचं इंजेक्शन हा मधला उपाय आहे. इंग्लंडमध्ये २०१८ साली त्याची आणि रात्रीच्या पट्ट्याची तुलना झाली. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले पुढे होते, सहा महिन्यांनी दोघांत फारसा फरक उरला नव्हता. म्हणजे रात्रीची झोपच उडाली असेल तर ते घ्यावं, कायमचा इलाज म्हणून नव्हे. तुमची साखर वाढलेली निघाली तर इंजेक्शनानंतर काही दिवस ती आणखी चढते, हे आधी सांगून ठेवा.

ऑपरेशनने हात कामातून जातो, ही भीती कुठून येते ते मला ठाऊक आहे. तुम्हालाही असं कुणीतरी भेटलं असेल, ज्यांचं ऑपरेशन झालं आणि बधिरपणा तसाच राहिला. त्यातल्या बहुतेकांनी ऑपरेशन फार उशिरा केलेलं असतं. नस वर्षानुवर्षं दाबून तिचे धागेच वाळले, की मनगटातला वरचा पट्टा कापूनही ते परत पहिल्यासारखे होत नाहीत. ऑपरेशन तसं लहानच असतं. हात तेवढा बधिर करून तळव्यात छोटा छेद, तो जाड पट्टा मोकळा करायचा, आणि त्याच दिवशी घरी. रात्रीच्या मुंग्या बऱ्याचदा पहिल्या काही दिवसांतच थांबतात. तळव्याचा कड मात्र काही आठवडे दुखतो, पकडीतला जोर परत यायला दोन-तीन महिने लागतात, आणि तळव्याने कणीक रेटणं सगळ्यात शेवटी जमतं. सर्जन ‘दोन आठवड्यांत कामाला लागा’ म्हणाले तर त्यांना तुमचं काम नेमकं काय ते विचारायला लावा, ते टेबलावरचं काम समजत असतात.

थांबायचं कधी नाही, तेही नीट ऐका. दोन्ही तळवे समोर धरून अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा बघा. एका हाताचा तो दुसऱ्यापेक्षा चपटा, खोलगट दिसतोय का? ब्लाउजचं हुक लावताना किंवा फरशीवर पडलेलं नाणं उचलताना अंगठा दगा देतोय का? मुंग्या येऊन-जाऊन असण्याऐवजी बोटं दिवसभर बधिर राहतात का? यातलं काही असेल तर सहा आठवड्यांचा पट्टा वगैरे माझा सल्ला बाजूला ठेवून थेट सर्जनकडे जा. उलथनं सटकतं असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मला हे तुमच्याबाबतीत जास्त जोर देऊन सांगावंसं वाटतं. बोटं बधिर असल्याने वस्तू सटकत असतील तर थोडा वेळ हाती आहे. अंगठ्यातला जोरच गेल्याने सटकत असतील तर नाही, आणि यातला फरक समोर बसून तपासल्याशिवाय कळत नाही. आणखी एक: तव्याशी काम करताना बधिर बोटांना चटका उशिरा कळतो. बधिरपणा जाईपर्यंत पोळी उलटायला हात नको, चिमटाच वापरा.

दोन्ही हातांचं ऑपरेशन ठरलंच, तर एका वेळी एकच हात करून घ्या आणि आधी जास्त त्रासाचा. दोन्ही एकदम केले की वेणी घालण्यापासून सगळ्याला दुसरं माणूस लागतं. तारीख ठरवताना केंद्राचं वर्ष समोर ठेवा. गौरींच्या पुरणपोळ्या आणि दिवाळीचा फराळ या दोन्ही हंगामांच्या आधी तीन महिने मोकळे मिळत नसतील, तर त्या ऑर्डरी घेण्यापूर्वीच गिऱ्हाइकांना सांगून ठेवा. चार जण दुसरीकडे जातील. बाकीचे थांबतात.